झॉम्बीपटातली पात्रनिवड जोखायची कशी?

आधी झॉम्बी विसरा. ते कुणीही करतं. सोसायटीच्या गणपतीत तोंडाला पावडर फासून मीही केलाय. बघायची ती जिवंत माणसं.

मारामारीच्या आधीचा एखादा प्रसंग घ्या आणि आवाज बंद करा. ‘ट्रेन टू बुसान’ या कोरियन सिनेमात (२०१६) मा दोंग-सोक हातांना चिकटपट्टी गुंडाळतो, तेव्हा त्याचे खांदे बघा. संवादाशिवाय कळतं, हा गडी गरोदर बायकोसाठी डब्यामागून डबा पार करणार. नायक गाँग यू आहे, पण माझी नजर काही त्याच्यावर ठरत नाही.

मग बघा, नटामुळे पात्र घडलंय का. ‘द वॉकिंग डेड’ या अमेरिकी झॉम्बी मालिकेतला डॅरिल मूळ कॉमिकमध्ये नाहीच. नॉर्मन रीडस आला होता मर्लच्या भूमिकेसाठी. त्याच्यासाठी मर्लला धाकटा भाऊ जन्माला घातला!

उच्चारांवर अडून बसू नका. अँड्र्यू लिंकन लंडनचा, त्याच मालिकेत त्याने केलेला रिक अमेरिकेतल्या जॉर्जियाचा. मला सीझनभर पत्ताही लागला नाही.

आणि पात्र मेलं की पुढचा भाग लगेच लावू नका. चहा टाका. उकळी येईपर्यंत त्याचं नावच आठवेना, तर निवड फसली.