इलेक्ट्रिकल की ईएनटीसी? ऑप्शन फॉर्म भरण्याआधी हे वाचा

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म उघडला की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "कॉम्प्युटर नाही मिळालं तर इलेक्ट्रिकल टाक, नाहीतर ईएनटीसी. दोन्ही सारखंच." ईएनटीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, आणि ते सारखं नाही. पहिल्या वर्षापुरतं तसं वाटतं, कारण बेसिक इलेक्ट्रिकल आणि बेसिक इलेक्ट्रॉनिक्स बहुतेक शाखांच्या गळ्यात असतातच. खरे रंग दुसऱ्या वर्षापासून दिसतात.

थोडक्यात फरक असा. इलेक्ट्रिकलवाल्याला ऊर्जा हवी तिथे पोहोचवायची असते: मशिन्स, पॉवर सिस्टिम, स्विचगिअर, प्रोटेक्शन. ईएनटीसीवाल्याला माहिती पोहोचवायची असते: सिग्नल्स अँड सिस्टिम्स, कम्युनिकेशन, एम्बेडेड (यंत्रातल्या छोट्या कॉम्प्युटरचं काम), व्हीएलएसआय (चिप डिझाइन). सर्किट नेटवर्क, कंट्रोल सिस्टिम आणि एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) दोघांनाही चुकत नाही. "ईएनटीसीत मॅथ्स कमी" ही निव्वळ थाप आहे. पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये (अभ्यासक्रमात) ईएनटीसीच्या तिसऱ्या सेमिस्टरला एम-थ्री आणि इलेक्ट्रिकल सर्किट्स शेजारी शेजारी होते. अशा वेळी सर्किट्सच्या सरांना लाप्लास ट्रान्सफॉर्म आज हवा असतो आणि मॅथ्सच्या मॅडम तिथवर पोहोचलेल्या नसतात. पॅटर्न बदलतात, ही रस्सीखेच बदलत नाही. पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत लाप्लासचा तक्ता आणि पार्शियल फ्रॅक्शन्स हाताखालून घाला, निम्मा त्रास तिथेच संपतो.

आता खरा खड्डा. यावर जास्त लिहितोय, कारण ही गोष्ट वेळेवर कोणी सांगत नाही आणि कळते तेव्हा वय पंचविशीला टेकलेलं असतं.

दोन शाखांमधला रस्ता दुतर्फा नाही. तो डायोडसारखा आहे: इलेक्ट्रिकलकडून इलेक्ट्रॉनिक्सकडे करंट बऱ्यापैकी वाहतो, उलट दिशेला अडतो. एम्बेडेड किंवा सॉफ्टवेअरची खासगी कंपनी टेस्ट आणि इंटरव्ह्यू बघते, इलेक्ट्रिकलचा मुलगा सी आणि मायक्रोकंट्रोलर नीट शिकला तर घेते. पण सरकारी वीज क्षेत्रात पदवीवरचं शाखेचं नाव बघतात. महावितरणच्या वितरण विभागातल्या अभियंता पदांना इलेक्ट्रिकलची पदवी लागते. महापारेषणमध्ये ट्रान्समिशनच्या जागा इलेक्ट्रिकलला असतात, ईएनटीसीला टेलिकम्युनिकेशनच्या, आणि त्या मोजक्याच.

यात गेट परीक्षा भर घालते, जिच्या स्कोअरवर एम.टेक.चे प्रवेश आणि काही सरकारी कंपन्यांची भरती होते. गेटला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी कोणताही पेपर देऊ शकतो. म्हणून ईएनटीसीचा एखादा हुशार मुलगा ठरवतो: पॉवरमध्ये जागा जास्त, आपण ईई (इलेक्ट्रिकल) पेपर देऊ. वर्षभर मशिन्स आणि पॉवर सिस्टिम घासतो, स्कोअर उत्तम येतो. मग पॉवरग्रिडसारख्या कंपनीची जाहिरात उघडतो, तर तिथे पेपर कोडसमोर चालणाऱ्या पदव्यांची यादी असते: इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स, पॉवर इंजिनिअरिंग वगैरे. ईएनटीसी त्यात नसते. स्कोअर खरा, मेहनत खरी, फॉर्म बाद. गेटने परीक्षेला बसू दिलं याचा अर्थ कंपनीने पात्र ठरवलं असा होत नाही. हे वाक्य दोनदा वाचा.

मायनर केल्यानेही ही गाठ सुटत नाही. १८–२० जादा क्रेडिट्स घेऊन तुम्ही दुसरी शाखा थोडी शिकता, पदवीची मूळ शाखा तीच राहते. ब्रँच बदलून घेऊ म्हणाल, तर पहिल्या वर्षानंतर ते रिकाम्या जागांवर आणि गुणांवर अवलंबून. त्या भरवशावर ॲडमिशन घेऊ नका.

म्हणून पर्याय टाकण्याआधी एक संध्याकाळ काढा. ज्या तीन-चार नोकऱ्या तुमच्या किंवा घरच्यांच्या मनात आहेत, त्यांच्या मागच्या वर्षीच्या जाहिरातींच्या पीडीएफ उतरवून फक्त 'शैक्षणिक अर्हता' हा भाग वाचा. मग कॉलेजकडून विचारून घ्या की पदवीवर नेमकं काय छापलं जातं. आपल्याकडे 'इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग (इलेक्ट्रॉनिक्स अँड पॉवर)' अशीही नावं आहेत, आणि 'इलेक्ट्रॉनिक्स अँड कॉम्प्युटर' वेगळंच. नाव जितकं फॅशनेबल, तितकी पात्रतेच्या यादीत ते शोधायची डोकेदुखी जास्त.

इतकं घाबरवल्यावर हेही सांगायला हवं: सरकारी वीज कंपनी तुमच्या डोक्यातच नसेल तर यातलं निम्मं ओझं तुमचं नाही. तेव्हा आवडीकडे बघा. आवड 'गॅजेट्स आवडतात' यावरून कळत नाही, मोबाइल सगळ्यांनाच आवडतो. दोन छोटे प्रयोग करा.

पहिला, चौकातली डीपी. कुंपणाबाहेरूनच, कॅमेरा झूम करून ट्रान्सफॉर्मरची नेमप्लेट वाचा. साधारण ११०००/४३३ व्होल्ट, १०० केव्हीए, डीवायएन११ (वाइंडिंगच्या जोडणीचा कोड) असं काही दिसेल. फुल लोडला लो-व्होल्टेज बाजूचा करंट काढा: १००००० ÷ (१.७३२ × ४३३), म्हणजे सुमारे १३३ अँपिअर. हाय-व्होल्टेज बाजूला जेमतेम सव्वापाच. आता प्रश्न पडतात का बघा. रेटिंग केडब्ल्यूमध्ये का नाही? कारण तापणं व्होल्टेज आणि करंटवर ठरतं, पॉवर फॅक्टरवर नाही. ४०० सोडून ४३३ का? कारण तो नो-लोडचा आकडा आहे, लोड आल्यावर ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि वायरमध्ये व्होल्टेज पडणार हे आधीच धरलेलं असतं. हे वाचताना मजा आली असेल तर इलेक्ट्रिकल तुमचं आहे.

दुसरा, ५५५ टायमर. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सगळं एका दुकानात मिळतं: आयसी, ब्रेडबोर्ड, १० के आणि ६८ के (किलोओहम) रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एलईडी, त्याला ३३० ओहम, ९ व्होल्टची बॅटरी. आयसीच्या डेटाशीटमधली अस्टेबल (आपोआप चालू-बंद होत राहणारी) जोडणी करा. १.४४ ÷ ((१० + २ × ६८) के × १० मायक्रोफॅरड), म्हणजे सेकंदाला एकदा लुकलुकायला हवं. बहुधा पहिल्यांदा लुकलुकणार नाही. पिन २ आणि ६ जोडायच्या राहिल्या असतील, पिन ४ पॉझिटिव्हला लावलेली नसेल, एलईडी उलटा असेल. सगळं बरोबर असूनही बंदच, तर ब्रेडबोर्डची वरची पॉवर पट्टी तपासा. अनेक बोर्डांवर ती मध्येच तुटक असते. चालू झाल्यावर गती थोडी मागेपुढे दिसेल, कारण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची किंमतच वीस टक्के इकडेतिकडे असू शकते. तासभर हा दोष शोधताना वैताग आला तरी उठावंसं वाटलं नाही, तर ईएनटीसी.

दोन्हींत रमलात? मग पॉवर इलेक्ट्रॉनिक्सकडे बघा: इन्व्हर्टर, मोटर ड्राइव्ह, ईव्हीचा चार्जर, बॅटरी मॅनेजमेंट. तिथे दोघांचीही गरज आहे. तरी पदवी निवडताना माझं मत इलेक्ट्रिकलकडे झुकतं. डायोडची दिशा आठवा.

सल्ला कोणाचा घ्यायचा? महावितरणमधले काका नोकरी सांगू शकतात, आजचा अभ्यासक्रम नाही. शाखांचे 'टॉप फाइव्ह' लावणारे व्हिडिओ बघूच नका. कॉलेज बघायला जाल तेव्हा एचओडींच्या भाषणापेक्षा लॅब असिस्टंटशी दहा मिनिटं बोला: मशिन लॅबमधले किती सेट चालू आहेत, एका सीआरओवर (सिग्नल पडद्यावर दाखवणारं उपकरण) किती मुलं बसतात. तो खरं सांगतो. आणि फायनल इयरचा प्रोजेक्ट विकत मिळतो ही माहिती तुमच्या कानावर येईलच. इंटरव्ह्यूमध्ये "हा रेझिस्टर इतकाच का?" असं विचारलं की तो प्रोजेक्ट तिथेच मरतो.

शेवटचं, फॉर्मबद्दल. पहिल्या राउंडला पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीझ होते, पुढच्या राउंडची वाट बंद. पुढच्या राउंडचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघा, दादा-ताईंच्या आठवणीवर जाऊ नका. 'बघू मिळतंय का' म्हणून पहिल्या नंबरवर काहीही टाकायचं नाही. कन्फर्म करण्याआधी प्रिंट काढा आणि प्रत्येक चॉइस कोडसमोरचं शाखेचं पूर्ण नाव, कंसातल्या शब्दांसकट, त्या जाहिरातींच्या पीडीएफशी ताडून बघा.