दोन एरियांची गुन्हेगारी कंपेअर करताय? आधी छेद बघा

घर बघताना म्हणा किंवा नुसता वाद घालायला म्हणा, लोक पटकन बोलून जातात की त्या एरियात इकडच्यापेक्षा डबल गुन्हे होतात. डबल म्हणजे नुसता आकडा डबल की प्रमाण डबल, हे कोणी विचारतच नाही. आकडे मिळवणं एवढं अवघड राहिलं नाहीये, ते कशाने भागायचे, म्हणजे छेद कोणता घ्यायचा, तिथेच सगळा घोळ होतो.

बेसिक फॉर्म्युला सोपाय, नोंदलेले गुन्हे भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख. आपल्याकडे एनसीआरबी (देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे गोळा करणारी सरकारी संस्था) लाखामागे रेट देतं, इंग्लंडमध्ये बऱ्याचदा हजारामागे देतात, त्यामुळे दोन रिपोर्टमधले आकडे शेजारी ठेवण्याआधी ते एकदा चेक करा. आणि दोन्हीकडे वर्ष एकच आहे ना तेही.

आता लोकसंख्या कोणती घ्यायची? समजा अ एरियात 60,000 लोक राहतात आणि वर्षात 240 चोऱ्या नोंदल्या गेल्या, म्हणजे लाखामागे 400. ब मध्ये राहतात 25,000 आणि चोऱ्या 150, म्हणजे लाखामागे 600. झालं, ब बदनाम! पण ब मध्ये रेल्वे स्टेशन आहे, मार्केट आहे, ऑफिसं आहेत, दिवसा तिथे लाखभर माणूस वावरतं, आणि अ मधले बरेच जण सकाळीच कामाला बाहेर पडतात, मागे उरतात 45,000. परत भागा बरं. अ चा रेट 533 आणि ब चा 150. चोऱ्या त्याच, पोलीस तेच, निकाल मात्र उलटा. व्हॅटिकनचं हेच होतं, राहणारे जेमतेम काही शे, येणारे पर्यटक लाखोंनी, पाकिटं मारली जातात ती पर्यटकांची आणि भागायचं राहणाऱ्यांच्या संख्येने, मग कागदावर ते जगातलं सगळ्यात डेंजर ठिकाण दिसतं.

म्हणून दिवसाची लोकसंख्याच सगळीकडे लावा असंही नाही. प्रश्न एवढाच विचारायचा की हा गुन्हा कोणाच्या किंवा कशाच्या बाबतीत घडू शकतो. घरफोडी असेल तर घरांची संख्या घ्या, गाडीचोरी असेल तर तिथे असणाऱ्या गाड्या, पाकीटमारी असेल तर तिथे वावरणारी माणसं. एनसीआरबी पण महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा रेट काढताना फक्त महिलांची लोकसंख्या घेतं. दिवसाचा आकडा मिळाला नाही तर निदान "रेट राहणाऱ्यांवर काढलाय" एवढं लिहा तरी.

छोट्या एरियाच्या रेटवर तर अजिबात भरवसा ठेवू नका. चार हजार वस्तीच्या गावात एक खून झाला की रेट लाखामागे 25, पुढच्या वर्षी शून्य. गाव सुधारलं का? नाही, आकडाच एवढासा होता. तीन किंवा पाच वर्षांचे गुन्हे एकत्र करून सरासरी काढा. आणि एक जुगाड लक्षात ठेवा, मोजलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, साधारण तेवढा चढउतार निव्वळ योगायोगाने होऊ शकतो. 100 गुन्हे असतील तर 80 ते 120, आणि 9 असतील तर 3 ते 15! त्यामुळे एकीकडे 9 आणि दुसरीकडे 13 यावरून भांडण्यात काही अर्थ नाही.

आता मेन लोचा. पोलिसांचे आकडे म्हणजे नोंद झालेले गुन्हे, घडलेले नाहीत. जिथे तक्रार लगेच घेतात, ऑनलाइन एफआयआर चालते, लोक चौकीत जायला घाबरत नाहीत, तिथे रेट वर जातो, म्हणजे चांगलं काम करणारं स्टेशनच वाईट दिसतं. त्यात एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले तरी एनसीआरबी फक्त सगळ्यात गंभीर गुन्हा मोजतं, दुसऱ्या देशात हाच नियम असेलच असं नाही. यावर माझा उपाय म्हणजे खून आणि गाडीचोरी वेगळी काढून बघायची. खून सहसा दडपता येत नाही, आणि इन्शुरन्स क्लेमसाठी गाडीचोरीची एफआयआर लागतेच. या दोन्हीत दोन एरिया सारखे असतील आणि फक्त किरकोळ मारामाऱ्यांत तिप्पट फरक असेल तर आधी नोंदणीवर संशय घ्या.

सगळे गुन्हे मिळून एकच रेट काढू नका, दारूबंदीच्या केसेस आणि खून एका पोत्यात भरून काय कळणार? कॅनडात 2009 पासून गंभीरतेनुसार वजन देऊन वेगळा इंडेक्स काढतात, कारण नुसत्या बेरजेत किरकोळ केसेसच भारी पडतात.

जुनी वर्षं जोडणार असाल तर मध्ये हद्द बदलली का बघा, एका पोलीस स्टेशनची दोन झाली की जुन्याचा आकडा आपोआप पडतो. कायदा बदलला तरी तेच. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि त्यात हिसकावून चोरीला वेगळं कलम मिळालं, त्यामुळे त्याच्या आधीचे आणि नंतरचे चोरीचे आकडे एका सरळ रेषेत जोडू नका, ग्राफमध्ये तिथे उभी रेघ मारा आणि खाली कारण लिहा.