लंडनमध्ये नव्याने आलेल्या कुटुंबाने पैसे नक्की कुठे वाचवावेत

लंडनला आल्यावर पहिले काही महिने बहुतेक मराठी घरांत काटकसर चालते ती कोथिंबिरीच्या जुडीवर आणि बसच्या तिकिटावर. प्रत्येक पौंडाला रुपयांनी गुणायचं आणि जीव कासावीस करून घ्यायचा. त्याच घराने दुसरीकडे महिन्याला दोन-तीनशे पौंड जास्त जातील असं घर घाईघाईत घेतलेलं असतं, आणि नर्सरीचा खर्च कुणाच्या तरी सांगण्यावरून अर्धाच धरलेला असतो. तान्हं किंवा शाळेआधीच्या वयाचं मूल असेल तर हे दोन आकडेच सगळं ठरवतात. किराण्यात वाचवून ती भोकं बुजत नाहीत.

विमानात बसण्याआधी आपला ई-व्हिसा उघडा आणि त्यावरच्या अटी वाचा. स्किल्ड वर्कर व्हिसावर आणि त्याच्या डिपेंडंट व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ ही अट असते. म्हणजे चाइल्ड बेनिफिट, युनिव्हर्सल क्रेडिट, काउन्सिल टॅक्स रिडक्शन (घरपट्टीसारख्या स्थानिक करातली सवलत) या सरकारी मदतींतलं काहीही तुम्ही मागायचं नाही. इथे बाळ झालं की चाइल्ड बेनिफिटची माहिती आपोआप हातात पडते आणि फॉर्म सोपा असतो. कधीकधी पैसेही खात्यात येऊ लागतात. पैसे आले म्हणजे तुमचा हक्क होता, असं नाही. ते परत करावे लागतात, आणि व्हिसाची अट मोडल्याची नोंद पुढच्या मुदतवाढीच्या किंवा कायम वास्तव्याच्या अर्जाच्या वेळी आडवी येऊ शकते. आठवड्याच्या थोड्या पौंडांसाठी सगळं पणाला लावू नका. जोडीदार ब्रिटिश नागरिक किंवा आयएलआर (कायम वास्तव्याची परवानगी) मिळालेला असेल तर हिशेब वेगळा असतो. दोघंही व्हिसावर असाल तर अर्ज करायचाच नाही.

हे इतकं ठासून सांगायचं कारण आपलेच लोक आहेत. व्हॉट्सअ‍ॅप गटात सगळ्यात ठाम सल्ला देतात ते दहा-बारा वर्षांपूर्वी आलेले. त्यांच्या हातात आयएलआर किंवा पासपोर्ट असतो आणि आपल्यावरही एके काळी हीच अट होती, हे ते विसरलेले असतात. “अगं, तीस तास नर्सरी फुकट मिळते, नोकरीला लाग” हे वाक्य त्यांच्या बाबतीत खरं आहे. सप्टेंबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या आईवडिलांच्या नऊ महिन्यांवरच्या मुलांना शाळेच्या सत्रांत आठवड्याला ३० तास मिळतात. पण त्यासाठी दोघांपैकी किमान एकाला पब्लिक फंड्सची मुभा हवी. टॅक्स-फ्री चाइल्डकेअर या नर्सरीच्या खर्चाला मिळणाऱ्या सरकारी मदतीचंही तसंच. दोघंही स्किल्ड वर्कर आणि डिपेंडंट असाल तर दोन्ही विसरा आणि नर्सरीचा पूर्ण आकडा धरून मगच दुसऱ्या नोकरीचा विचार करा. लंडनमध्ये दोन वर्षांखालच्या मुलाची पूर्णवेळ नर्सरी एका घरभाड्याच्या आसपास जाते. दुसरा पगार हातात किती येतो, त्यातून नर्सरी आणि प्रवास वजा जाता काय उरतं, हे सही करण्याआधी कागदावर मांडा.

उलट बाजूही तितकीच महागात पडते. अटीच्या धास्तीने काही जण हक्काचंही सोडून देतात. सरकारी शाळा, एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा), वाचनालय, मुलांचा मोफत प्रवास हे पब्लिक फंड्समध्ये मोडत नाही. तीन आणि चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवड्याला नर्सरीचे १५ मोफत तास मिळतात, आईवडिलांचा व्हिसा कुठलाही असो. ते सुरू होतात मूल तीन वर्षांचं झाल्यानंतरच्या १ जानेवारीला, १ एप्रिलला किंवा १ सप्टेंबरला. वर्षातले ३८ आठवडे, म्हणजे ५७० तास. खासगी नर्सरी या तासांवर जेवण आणि डायपरच्या नावाने रोजचे पैसे लावू पाहतात. डबा घरून देऊ का, हे आधीच विचारा. सरकारी प्राथमिक शाळेला जोडलेली नर्सरी असेल तर तिथे आधी नाव घाला. रोज सकाळचे तीन तास आणि सुट्टीत बंद, त्यामुळे दोघं नोकरीवर असलेल्यांना ती पुरत नाही. पण एक जण घरी असेल तर तिच्यासारखी सोय नाही. त्याखालोखाल स्वस्त पडते ती ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेकडे नोंदलेली चाइल्डमाइंडर, म्हणजे स्वतःच्या घरी मुलं सांभाळणारी. गटात कुणी “घरी चार मुलं सांभाळते, रोख द्या” म्हणाली तर नोंदणी क्रमांक मागा. स्वतःच्या घरी पैसे घेऊन आठ वर्षांखालची मुलं दिवसाला दोन तासांहून जास्त सांभाळायची तर नोंदणी कायद्याने लागते. ओळखीची मराठी ताई असली तरी हा नियम सुटत नाही. अपघात झाला तर विमा नसतो.

मूल १ सप्टेंबरच्या आत चार वर्षांचं होत असेल तर त्याच सप्टेंबरला रिसेप्शनमध्ये, म्हणजे पहिलीआधीच्या शाळेच्या वर्गात जातं. अर्जाची मुदत आधीच्या १५ जानेवारीला संपते. शाळेच्या जागा बऱ्याचदा अंतरावर ठरतात, म्हणून घर आणि शाळा हा एकच निर्णय आहे. रिसेप्शन, पहिली आणि दुसरीला दुपारचं जेवण इंग्लंडभर मोफत आहे, आणि लंडनच्या सरकारी प्राथमिक शाळांत सप्टेंबर २०२३ पासून वरच्या वर्गांनाही. शाळा सुरू झाली की नर्सरीचा डोंगर एका महिन्यात उतरतो, म्हणून त्याआधीची दोन-तीन वर्षं बचत कमी झाली तरी हातपाय गाळू नका.

आता घर. भारतातून बसून घराचा करार करू नका. पहिले चार ते सहा आठवडे खोली किंवा छोटा फ्लॅट घ्या, कंपनी देत असेल तर तिथे राहा, आणि घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक पेनीही पाठवू नका. घरमालक परदेशात आहे, चावी कुरियरने येईल, आधी डिपॉझिट टाका, असं ऐकलं की बोलणं तिथेच थांबवा. एजंट साधारणपणे वार्षिक पगार महिन्याच्या भाड्याच्या ३० पट मागतात. १,८०० पौंड भाड्याला ५४,००० पगार.

डिपॉझिटची मर्यादा पाच आठवड्यांचं भाडं (वार्षिक भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर). आठवड्याचं भाडं काढताना महिन्याला चाराने भागायचं नसतं, बाराने गुणून बावन्नने भागायचं. १,८०० पौंडांना आठवडा ४१५ पौंड ३८ पेन्स होतो आणि डिपॉझिट सुमारे २,०७७. चाराने भागलं तर २,२५० येतात. असे जादा १७३ पौंड मागणारे एजंट आहेत आणि मुकाट्याने देणारे आपणच आहोत. घर राखून ठेवायची रक्कम जास्तीत जास्त एका आठवड्याच्या भाड्याइतकी, त्यापलीकडे एजंटची फी २०१९ च्या टेनंट फीज अ‍ॅक्टनुसार बंद आहे. डिपॉझिट ३० दिवसांत तीन सरकारमान्य योजनांपैकी एकीत जमा झाल्याचा कागद मागून घ्या. नव्याने आलेल्यांकडून सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ घ्यायची पद्धत होती. १ मे २०२६ पासून लागू झालेल्या नियमांनुसार एका महिन्याहून जास्त मागता येत नाही, आणि जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा जास्त बोलीही स्वीकारता येत नाही. भाडेकरूला दोन महिन्यांची नोटीस देऊन घर सोडता येतं. एजंट “सगळे असंच करतात” म्हणाला तर त्याला हेच सांगा.

घर बघायला गेलात की स्वयंपाकघर नंतर बघा. आधी हीटिंग कशावर आहे ते विचारा. विजेचा एक युनिट गॅसच्या जवळपास चौपट पडतो, त्यामुळे भिंतीवर नुसते इलेक्ट्रिक पॅनेल हीटर असलेला स्वस्त फ्लॅट जानेवारीत महाग होतो. नव्या टोलेजंग इमारतींत बऱ्याचदा सगळ्यांना मिळून एकच हीट नेटवर्क असतं, तिथे पुरवठादार बदलता येत नाही. दर आणि रोजचा स्थिर आकार लेखी मागा. ईपीसी (घराला ऊर्जा किती लागते याचा दाखला) ‘सी’ असलेलं घर ‘ई’पेक्षा महिना पन्नास पौंडांनी महाग असलं तरी लहान मूल असलेल्यांनी तेच घ्यावं.

राहायला गेल्या दिवशी मीटरचा फोटो काढा आणि रीडिंग कळवा. नाहीतर अंदाजे बिल येतं आणि आधीच्या भाडेकरूचे युनिट तुमच्या माथी पडतात. कॉम्बी बॉयलर असेल, म्हणजे गरम पाण्याची वेगळी टाकी नसेल, तर हीटिंगचं फ्लो टेम्परेचर (बॉयलरमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान) ६० अंशांच्या खाली आणा. रेडिएटरकडून परतणारं पाणी साधारण ५५ अंशांखाली असेल तरच बॉयलर धुरातली उष्णता परत खेचतो. सत्तर-ऐंशीवर ठेवला तर ती उष्णता पैशासकट बाहेर जाते. टाकी असेल तर हे करू नका, साठवलेलं पाणी जंतूंसाठी ६० अंशांवर ठेवावंच लागतं. कपडे बंद खोलीत रेडिएटरवर वाळवले तर ओल भिंतीत जाते, बुरशी धरते, मुलांना खोकला लागतो आणि शेवटी डिपॉझिटमधून कापून घेतात. खिडकी दहा मिनिटं सताड उघडा, दिवसातून दोनदा.

काउन्सिल टॅक्स बरो (लंडनमधला पालिका विभाग) बदलला की बदलतो. वॉन्ड्सवर्थ आणि वेस्टमिन्स्टर स्वस्तात मोडतात. नवरा किंवा बायको आधी येऊन एकटी राहत असेल तर २५ टक्के सूट मिळते आणि ती पब्लिक फंड्समध्ये येत नाही. कुटुंब आलं की त्याच आठवड्यात कळवा.

जोडीदाराला पगार नसेल किंवा १२,५७० पौंडांहून कमी असेल आणि दुसऱ्याचं उत्पन्न ५०,२७० च्या आत असेल तर मॅरेज अलाउन्स घ्या. वर्षाला २५२ पौंडांपर्यंत कर वाचतो, मागची चार वर्षंही मागता येतात, आणि अर्ज सरकारी संकेतस्थळावर फुकट होतो. कमिशन घेऊन भरून देणाऱ्यांकडे जाऊ नका. नोकरीची पेन्शन “आपण परत जाणारच” म्हणून सोडू नका. मालकाचा वाटा हा पगाराचाच भाग आहे.

एनएचएसचे पैसे तुम्ही व्हिसाबरोबर आधीच भरलेले आहेत. सध्याच्या दराने मोठ्यांना वर्षाला १,०३५ आणि मुलाला ७७६, म्हणजे तिघांच्या कुटुंबाचे पाच वर्षांचे १४,२३० पौंड. मग त्याचा वापर करा. आल्या आठवड्यात जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव घाला, पत्त्याचा पुरावा नसला म्हणून ते नकार देऊ शकत नाहीत. मुलांची औषधं, दात आणि डोळ्यांची तपासणी मोफत. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर १२ महिने आईची औषधं आणि एनएचएसचे दातही मोफत, पण दाईला सांगून मॅटर्निटी एक्झेम्प्शन सर्टिफिकेट काढून घ्यावं लागतं. बाकी मोठ्यांनी दातांची कामं भारतातून उरकूनच यावं.

प्रवासात एकच चूक सगळे करतात. सकाळी फोन टॅप, संध्याकाळी कार्ड. यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी दिसतात आणि दिवसाच्या किंवा आठवड्याच्या भाड्याची कमाल मर्यादा लागतच नाही. ती मर्यादा सोमवार ते रविवार मोजली जाते. बसमध्ये पहिल्या टॅपपासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकदाच. ११ वर्षांखालची मुलं ट्यूब आणि बसमध्ये मोठ्यांबरोबर मोफत. गाडी मूल दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत तरी नको.

कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीयांना कॉमनवेल्थ नागरिक म्हणून इथे मतदान करता येतं. मतदारयादीत नाव असलं की पत्ता पडताळला जातो आणि क्रेडिटची पत लवकर बसते. फुकट आहे, पाच मिनिटांचं काम.

टीव्ही लायसन्सची पत्रं घाबरवणारी येतात. फक्त नेटफ्लिक्स किंवा (बीबीसी आयप्लेअर सोडून) जुने भाग बघत असाल तर लागत नाही, तसं कळवून टाका. पण मराठी वाहिनी किंवा क्रिकेट थेट प्रसारणात बघत असाल तर लागतं, फोनवर बघितलं तरी.

किराणा आल्डी-लिडलमध्ये, डाळ-कणीक इलिंग रोड, साउथॉल किंवा ग्रीन स्ट्रीटला. शेल्फवरच्या लेबलातली किलोमागची किंमत बघा, मोठं पाकीट नेहमी स्वस्त नसतं. आणि दहा किलो कणीक घ्याल तर घट्ट झाकणाचा डबाही घ्या, ओलसर फ्लॅटमध्ये ती दोन महिन्यांत खवट होते.