ट्यून केलेल्या टर्बो गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल बसवताय? या चुका टाळा

दिवाळीनंतर एक मुलगा गाडी घेऊन आला. पुढची चाकं ओढणारी टर्बो पेट्रोल हॅचबॅक, मॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग) बदललेला, बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब) वाढवलेला आणि वर बाहेरून बसवलेलं ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरलं की इंजिनाची ताकद कमी करणारं युनिट. तक्रार एकच : तिसऱ्या गिअरला दाबली की मिसिंग करते, म्हणजे मधेच अडखळते. आधीच्या गॅरेजने प्लग बदलले, कॉइल बदलल्या, शेवटी फ्युएल पंपही बदलला. मिसिंग तसंच.

मी बॉनेट उघडलंच नाही. खडू घेतला, पुढच्या-मागच्या टायरवर जमिनीला टेकलेल्या जागी खूण केली, फरशीवर रेघ मारली आणि गाडी ढकलली. पुढच्या चाकाचा फेरा मागच्यापेक्षा साडेपाच सेंटीमीटर आधीच पुरा झाला. मागे कोरे 195/55 आर16, पुढे रुंद हवेत म्हणून 205/50 आर16, आणि तेही 4 मिलिमीटर झिजलेले. व्यास मागे 621 मिलिमीटर, पुढे 603. म्हणजे गाडी निवांत सरळ चालली तरी पुढचं चाक 3 टक्के जास्त फिरणारच. स्लिपची, म्हणजे पुढचं चाक मागच्यापेक्षा किती जास्त फिरलं तर चालेल त्याची, मर्यादा लावली होती 5 टक्के. उरले 2. टायर सगळ्यात जास्त पकड देतो तोच मुळी 10 टक्क्यांच्या आसपास घसरताना! युनिट सांगितलेलं काम चोख करत होतं, इंधन कापत होतं, आणि त्यालाच सगळे मिसिंग समजत होते.

टायर बदलले, झिजले किंवा पुढचे मागे टाकले की कॅलिब्रेशन पुन्हा करा. मी ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर गाडी 60 पर्यंत नेतो, न्यूट्रल करतो आणि घरंगळू देतो. तेव्हा पुढच्या चाकांवर इंजिनाचा जोर नसतो, म्हणून स्लिप शून्य दिसली पाहिजे. दिसत नसेल तर टायरचा आकडा दुरुस्त करायचा. पाच मिनिटांचं काम आहे. ते न करता पंप बदलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण खिसा त्या पोराचा रिकामा होतो.

दुसरी चूक इंजिनाच्या मुळावर येते. चाक सुटलं की ताकद कमी करायला फक्त टायमिंग मागे घेणं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडणं. ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) एक आकडा भरला की झालं, म्हणून सगळ्यांना हा मार्ग आवडतो. पण ठिणगी उशिरा पडली की जळणं सिलिंडरात पुरं होत नाही. तापलेला वायू एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांत) जातो आणि टर्बोच्या टर्बाइनला आणखी पळवतो. रेसच्या गाड्यांत टर्बो सुस्तावू न देणारं अँटी-लॅग चालतं ते याच तत्त्वावर. म्हणजे चाकाची ताकद घटली, पण बूस्ट दाराशी उभाच. पकड आली की तो एकदम अंगावर येतो आणि चाक पुन्हा सुटतं. असं वारंवार होत राहिलं की मॅनिफोल्ड लालबुंद. वेस्टगेटच्या (जादा वायू वळवणाऱ्या झडपेच्या) भोकापासून निघालेली, नख अडकेल एवढी चीर पडलेलं टर्बाइन हाउसिंग मी हातात धरून पाहिलंय.

मी टायमिंग थोडंच मागे घेतो, तेही क्षणभर. पुढचं काम एकेका सिलिंडरचा इंजेक्टर कापून, म्हणजे त्याचं पेट्रोल तोडून, आणि कापायचा तर पूर्ण. पेट्रोल अर्धवट कमी केलं तर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि बूस्टखाली लीन झालं की पिस्टनची खात्री नाही. ब्रिटनच्या रेसलॉजिकचं युनिट एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाकांचा वेग वाचून इंजेक्टरच कापायचं. ती मांडणी मला अजूनही पटते. मात्र डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणाऱ्या) गाडीत इंजेक्टरच्या वायरीत असा साधा बॉक्स घालू नका, तिथे व्होल्टेज 60 च्या वर उसळतं. आणि नुसती ठिणगी कापली तर न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये भडकतं आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळतो.

कंपनीचं ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवून वर दुसरं लावू नका. एक थ्रॉटल मिटतं, दुसरं इंजेक्टर कापतं, आणि कुणी काय केलं ते लॉगमध्येही (युनिटने ठेवलेल्या नोंदीतही) कळत नाही.

कडक झालेल्या जुन्या टायरवर कुठलंही युनिट पकड आणून देत नाही.

पहिल्या-दुसऱ्या गिअरला चाकं सतत फिरत असतील तर आधी त्या गिअरचा बूस्ट उतरवा. नव्या मुलांना हे नको असतं. त्यांना पूर्ण बूस्टही हवा आणि नॉब फिरवून पकडही. लॉग बघायला मात्र कुणाला वेळ नाही.

शेवटचं वायरिंग. एबीएस सेन्सरच्या वायरीला चावून बसणारी क्लिप लावू नका. पावसाळ्यात पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं, एका चाकाचा वेग गायब होतो आणि गाडीचं एबीएसच बंद पडतं. सोल्डर करा, वर हीट-श्रिंक चढवा, वायरींचा मूळ पीळ सोडवू नका. जोडणी झाली की मी गाडी जॅकवर घेतो, एकेक चाक हाताने जोरात फिरवतो आणि लॅपटॉपवर कुठला आकडा हलतो ते बघतो. पुढचं मागे, डावं उजवीकडे लागलेलं असेल तर तिथेच सापडतं.