फळी आपण ठोकायची का मिस्त्री बोलवायचा, ते आधी भिंतीला विचारा

घरात फळी, रॅक नाहीतर कपाट बसवायचं म्हटलं की आपल्याकडं दोनच गोष्टींवर बोलणं होतं, मिस्त्री किती घेतो आणि आपल्याला जमतंय का. हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. आधी हे बघा की वजन जमिनीवर उभं राहणार आहे का भिंतीला लटकणार आहे, आणि लटकणार असेल तर ती भिंत कशाची आहे.

हे मला कसं कळलं ते सांगतो. गावाकडचं आमचं घर लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं, दगड-मातीचं, भिंती दोन-सव्वादोन फूट रुंद आणि वरून सिमेंटचा गिलावा केलेला, म्हणजे बघणाऱ्याला एकदम पक्कं घर वाटतं. आईसाठी स्वयंपाकघरात चार फुटाची फळी ठोकली. नवीन ड्रिल मशीन होती, भोकं पटापट पडली, मला वाटलं मशीनच भारी आहे. भोकातून पिवळट माती गळत होती, मधीच एखादं ढेकूळ निघत होतं, पण तिकडं लक्षच दिलं नाही. महिना-सव्वा महिन्यानं एका सकाळी फळी गिट्ट्यांसकट (स्क्रू पकडायला भोकात ठोकतात त्या प्लास्टिकच्या नळ्या) सुटली, लोणच्याच्या बरण्या, डाळीचे डबे, तेलाचा डबा सगळं ओट्यावर आलं. आई चहाचं पातेलं उतरवून नुकतीच बाहेर गेली होती. ती एवढंच म्हणाली, "लेकरा, त्या भिंतीत कोनाडा हाय की, फळी कशाला पायजे होती?"

तिचं बरोबर होतं. जुन्या घरात कोनाडे, देवळ्या, फडताळं, धान्याला बळद हे सगळं भिंतीच्या पोटात असायचं, नाहीतर कणगी आणि उतरंड जमिनीवर. मातीतल्या दगडी भिंतीला वजन लटकवायचं नसतं हे त्या बांधणाऱ्यांना माहीत होतं असं मला वाटतं. आणि आपल्या भागात ह्याला अजून एक बाजू आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट किल्लारी, सास्तूर भागात कुणी विसरलेलं नाही, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद अंगावर येऊन हजारो माणसं गेली. २०२४ च्या मार्चमध्येही हिंगोली, नांदेड, परभणीकडं सकाळी सकाळी धक्के बसले. म्हणून झोपायच्या जागेच्या वर जड काही नको, आणि उंच कपाट, रॅक वरच्या बाजूला एल पट्टीनं भिंतीला बांधलेला पाहिजे. लोखंडी कपाटालासुद्धा. दोन पट्ट्या आणि चार स्क्रूचं काम आहे, ते उद्यावर टाकू नका.

आता भिंत ओळखायची कशी. जिथं फळी येणार तिथंच, ब्रॅकेटमागं झाकलं जाईल असं एक बारीक भोक पाडा आणि खाली पांढरा कागद धरा. सुरुवातीला सिमेंटचा राखाडी गिलावा येणार, तो साधारण १२ ते १५ मिलिमीटर असतो, जुन्या घरात जास्तही. त्याच्या पुढं जे पडतं ते महत्त्वाचं. लाल भुकटी आली तर भाजलेली वीट, सगळ्यात चांगलं. राखाडी भुकटीच चालू राहिली आणि मशीन बऱ्यापैकी सहज आत जातेय तर राखेची वीट, परळीच्या थर्मल वीज केंद्राची राख असल्यामुळं आपल्याकडं अशा विटा बऱ्याच घरांत आहेत, गिट्टी नीट बसली तर त्याही धरतात. मशीन नुसती गरगरतेय, कर्कश आवाज येतोय आणि पांढरट पीठ पडतंय तर तिथं काँक्रीटचा कॉलम नाहीतर बीम आहे, त्याला हॅमर मोड (मशीनची ठोकत भोक पाडायची सेटिंग) लागतो. पांढरा ब्लॉक असेल, नखानं ओरखडा जातो असा हलका, तर साधी गिट्टी चालत नाही, त्या ब्लॉकसाठीच्या वेगळ्या गिट्ट्या मिळतात त्या मागा. आणि माती आली, ढेकूळ आलं, मशीन एकदम आत घुसली तर मशीन बंद करा आणि भोक बुजवून टाका. त्या भिंतीला कॅलेंडर टांगा, फळी नाही.

भेगांचंही बघा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिच्यावरचं घर हलतं, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा जातात. पेंट मारून झाकलेली भेग असेल तर तिच्यावर कागदाची पट्टी आडवी चिकटवून ठेवा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या, पट्टी फाटली तर भिंत अजून हलतेय. तिथं काही लटकवू नका, मिस्त्रीनं हरकत नाही म्हटलं तरी नको.

भिंत चांगली निघाली तर मग वजन मोजा. खरंच मोजा, अंदाजानं नको. ५ किलोचे दहा डबे म्हणजे ५० किलो, तेलाचा एक डबा १५ किलो, ज्वारीचा कट्टा ५० किलोचा. फळी भिंतीपासून जेवढी पुढं येईल तेवढा वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो, खालचा नुसता दाबला जातो, म्हणून तेवढ्याच वजनाला एक फूट खोल फळी टिकते आणि दीड फूट खोल फळी सुटते. जड डबे भिंतीकडं, हलके पुढं. आणि लांबी, ह्यात लई लोक फसतात. १८ मिलिमीटरच्या प्लायला अडीच-तीन फुटाच्या आत आधार पाहिजे. फळीवर तसेच डबे लावत जाऊन दोन आधारातलं अंतर दुप्पट केलं तर वाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. जाडी दुप्पट केली तर तो आठव्या हिश्शावर येतो. म्हणून महागडी जाड फळी घेण्याआधी मधी एक ब्रॅकेट वाढवा, ते स्वस्त पडतं.

ड्रिल आपणच करायचं असेल तर लाईटच्या बोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू नका, आपल्याकडं वायरचे पाईप बहुतेक बोर्डापासून उभे वर जातात, आणि बाथरूमच्या मागच्या भिंतीत पाण्याचे पाईप असतात. शंका असली तर त्या खोलीचा एमसीबी खाली करून दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशन घ्या. ८ मिलिमीटरच्या गिट्टीला ८ चाच बिट. बिटाला जिथपर्यंत आत जायचं तिथं चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे भोक किती खोल गेलं ते कळतं. गिट्टी गिलाव्यात अडकून चालत नाही, विटेत गेली पाहिजे, म्हणून एक इंचाचे स्क्रू ठेवून द्या आणि दोन इंचाचे घ्या. भोकातली भुकटी फुंकून किंवा सायकलच्या पंपानं काढा, डोळ्याला चष्मा लावून. गिट्टी हातानं सहज आत गेली तर भोक मोठं झालं, हातोडीच्या दोन-चार ठोक्यांनी गेली पाहिजे. मोठं झालेल्या भोकात काड्या कोंबून स्क्रू पिळतात, ते करू नका, दोन इंच बाजूला नवीन भोक पाडा. टाइल्सवर असेल तर आधी चिकटपट्टी लावा, हॅमर बंद ठेवून टाइल पार करा, मग हॅमर चालू. लेव्हलसाठी बाटलीवाली लेव्हल घ्या, नाहीतर गवंडी वापरतो तसा पारदर्शक पाईप पाणी भरून दोन्हीकडं धरा, तो खोटं बोलत नाही.

स्वतः करायला सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे लोखंडी अँगल रॅक. वजन जमिनीवर जातं, नट-बोल्ट आणि दोन पाने एवढंच लागतं, घर बदललं की खोलून नेता येतो. लातूरला शिकायला आलेली पोरं ज्या खोल्यांत राहतात तिथं घरमालक खिळासुद्धा ठोकू देत नाहीत, तिथं तर हाच एक उपाय, पण भिंतीला बांधता येत नाही म्हणून तिथं उंच रॅक नको. फक्त सगळे नट आधी सैल ठेवा, रॅक पूर्ण उभा करून ओळंब्यात घ्या, मग आवळा, एकेक आवळत गेलात तर तो तिरपाच राहतो. कोपऱ्यांना तिकोनी पट्ट्या आणि मागं एक तिरपी पट्टी मारा, नाहीतर भरलेला रॅक झुलतो. पायाखाली प्लास्टिकचे बूट घाला. स्टीलची मांडणी, कपड्याच्या दांड्या, बाथरूममधली छोटी फळी हेही आपण करण्यासारखंच आहे.

मिस्त्रीला कधी बोलवायचं, तर कडप्प्याच्या फळ्यांना नक्की. एक इंच जाड कडप्पा एका चौरस फुटाला सहा-सव्वासहा किलो भरतो, म्हणजे पाच फूट बाय सव्वा फुटाची एक फळी रिकामीच चाळीसच्या आसपास, आणि तिच्यासाठी भिंतीत खाच मारावी लागते, ती कुठं किती मारायची हे गवंड्यालाच कळतं. माळ्याला दरवाजे, डोक्यावरची कपाटं, किचन ट्रॉल्या हेही त्याच्याकडं द्या. ड्रॉवरचं मला आधी सोपं वाटायचं, पण ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या टेलिस्कोपिक चॅनलला दोन्हीकडं अर्धा-अर्धा इंच जागा लागते आणि त्यात दोन-तीन मिलिमीटर इकडं-तिकडं झालं की ड्रॉवर एकतर अडकतो नाहीतर सुटतो. दाराच्या बिजागरीचं ३५ मिलिमीटरचं गोल भोकही तसंच, हात बसलेल्या माणसाचं काम आहे. ओट्याखालच्या ट्रॉलीत गॅसची टाकी ठेवणार असाल तर खाली जमिनीलगत जाळी ठेवायला सांगा, हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळाला तर खालीच साचतो.

मिस्त्री घेतला म्हणजे आपण मोकळे असं नाही. शहरातल्या घरी सिंकखालचं कपाट एका कामवाल्याकडून करून घेतलं, रेट ठरला, प्लाय कुठला ते विचारलं नाही, पहिल्याच पावसाळ्यात तळ फुगून सनमाईका उचलला. नंतर कळलं की साधा एमआर ग्रेडचा, म्हणजे नुसता दमटपणा सोसणारा प्लाय वापरला होता. प्लायवर शिक्का असतो तो आपण स्वतः वाचायचा, माल उतरतानाच, कापायच्या आधी. पाण्याजवळ एमआर नको, आणि आयएस ७१० म्हणजे मरीन, सिंकखाली तोच. कोरड्या खोलीतल्या कपाटाला मरीनचा आग्रह धरून पैसे घालवू नका.

रेट बहुतेक समोरच्या मापावर सांगतात, सात बाय सहाचं कपाट म्हणजे ४२ चौरस फूट गुणिले रेट. त्यात आतल्या फळ्या, मागचा प्लाय, आतला सनमाईका, बिजागऱ्या, कुलूप, हँडल धरलेत का हे एकेक विचारून कागदावर लिहून घ्या आणि फोटो काढून त्याच्याच व्हॉट्सअॅपला पाठवा. नुसती मजुरी का मालासकट हेही. नुसती मजुरी असेल तर आठ बाय चारच्या शीट किती लागतील हे कापायच्या आधी चित्र काढून दाखवायला सांगा, चांगला सुतार दाखवतो. पैसे टप्प्यानं द्या, सांगाडा उभा राहिल्यावर, दारं लागल्यावर, आणि शेवटचे थोडे पैसे, दारं आठवडाभर उघडझाप करून बघितल्यावर. त्याच्या हातावरचं पोट आहे, तो आठवडा झाल्यावर ते थोडे अडवून ठेवू नका. आणि ऐन उन्हाळ्यात लाकडी दारं बसवत असतील तर फटी अगदी घट्ट मागू नका, एप्रिल-मेमध्ये लाकूड सुकलेलं असतं, पावसाळ्यात फुगून दार अडकतं. वाळवी असलेल्या घरात कपाट थेट जमिनीवर टेकवू नका, खाली कडप्प्याची पट्टी किंवा पाय द्या आणि मागं बोटभर जागा सोडा.

मधला एक रस्ता आहे आणि मला आता तोच आवडतो. माप आपण घ्यायचं, प्लाय दुकानातच मशीनवर कापून घ्यायचा, जोडणीला सुतार एक दिवस बोलवायचा आणि त्याच्या हाताखाली आपण राहायचं. पैसेही वाचतात आणि पुढच्या वेळी काय बघायचं तेही कळतं. आमच्या पोरीनं असंच एका दिवसात गुण्या (कोपरा काटकोनात आहे का बघायचं हत्यार) लावायला शिकून घेतलं, आता कुठलीही चौकट आली की आधी कोपरा तपासते.

पाण्याचं राहिलं. आपल्याकडं नळाला कधी चार, कधी आठ दिवसांनी पाणी, लातूरनं तर २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, त्यामुळं घरोघरी साठा असतोच. २०० लिटरचा ड्रम म्हणजे २०० किलो. तो माळ्यावर नको, रॅकवर नको, जमिनीवरच.

फळी लागली की ब्रॅकेटच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलनं बारीक रेघ मारा. पहिला दिवस अर्धाच माल ठेवा, खाली कुणाला बसू देऊ नका. दुसऱ्या दिवशी बाकीचा. आठ दिवसांनी रेघ बघा. रेघ आणि ब्रॅकेटमध्ये नखाएवढी जरी जागा दिसली तर त्याच दिवशी सगळे डबे खाली उतरवा, स्क्रू आवळत बसू नका, फळी काढा आणि भोकात काय झालंय ते बघा.