सायटोस्केलेटनचं स्टेनिंग फसतंय? आधी या चुका टाळा

डिसर्टेशनचे दिवस आले की बडोद्यातल्या एमएससीच्या मुलामुलींचा एकच प्रश्न, ताई मायक्रोट्यूब्यूल (सायटोस्केलेटनमधल्या, म्हणजे सेलच्या आतल्या सांगाड्यातल्या, ट्यूब्युलिन प्रोटीनच्या नळ्या) दिसतच नाहीयेत, सगळं नुसतं धूसर हिरवं, त्यांना रंगवणारी अँटीबॉडी खराब असेल का? बहुतेक वेळा अँटीबॉडीला काही झालेलं नसतं, सेल फिक्स व्हायच्या (रसायनाने आहे त्या स्थितीत पक्का व्हायच्या) आधीच मायक्रोट्यूब्यूल सुटे होऊन गेलेले असतात.

पहिला संशय बर्फावर घ्या. प्रोटीन म्हटलं की बर्फ ही सवय इतकी पक्की असते की जिवंत सेलची डिशसुद्धा बर्फावर जाते, आणि थंडीत मायक्रोट्यूब्यूल मोडतात, कॅल्शियमनेही मोडतात. पूर्वी फिक्स करायला वापरायच्या त्या थंड ऑस्मियममध्ये ते टिकायचे नाहीत, 1963 मध्ये ग्लुटराल्डिहाइड हे फिक्सेटिव्ह (फिक्स करणारं रसायन) वापरात आलं आणि त्याच वर्षी लेडबेटर आणि पोर्टर यांनी वनस्पतींच्या सेलमधले मायक्रोट्यूब्यूल स्पष्ट दाखवले. तेव्हा प्राण्यांच्या सेलसाठी फिक्सेटिव्ह 37 डिग्रीला कोमट करून घ्या, बफर पाइप्सचा, पीएच 6.9, त्यात ईजीटीए (कॅल्शियम बांधून ठेवतं) आणि मॅग्नेशियम.

अ‍ॅक्टिन (सायटोस्केलेटनचे बारीक धागे) बघायचं असेल तर मिथेनॉलने फिक्स करणं बंद. ट्यूब्युलिनला ते चालतं पण अ‍ॅक्टिन रंगवणारं फॅलॉइडिन मग नीट चिकटत नाही, आणि बाजारातल्या फॉर्मलिनमध्ये (पाण्यातल्या फॉर्मल्डिहाइडमध्ये) मिथेनॉल आधीच घातलेलं असतं हे कोणी सांगतच नाही! पॅराफॉर्मल्डिहाइडपासून फिक्सेटिव्ह ताजं बनवा.

आता वनस्पती, इथे खरी गडबड होते, कारण हेला सेलचा (लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या सेलचा) प्रोटोकॉल जसाच्या तसा कांद्याच्या मुळाला लावतात. सेल वॉल आहे, अँटीबॉडी आत जाणार कशी, सेल्युलेज आणि पेक्टोलायेज या एन्झाइमनी आधी मोकळी करायला हवी. शिवाय वनस्पतींना प्राण्यांसारखा सेंट्रोसोम (मायक्रोट्यूब्यूल जिथून फुटतात ते केंद्र) नसतो, त्यामुळे न्यूक्लियसजवळ मायक्रोट्यूब्यूलची चांदणी शोधू नका, लांब होणाऱ्या सेलमध्ये ते मेंब्रेनच्या अगदी खाली आडवे समांतर असतात, फोकस मधोमध ठेवला की हातचे जातात. व्हिमेंटिनसुद्धा (प्राण्यांच्या सायटोस्केलेटनमधलं आणखी एक प्रोटीन) वनस्पतीत नाही, कांद्यात त्याचा सिग्नल आला तर तो नॉनस्पेसिफिकच, म्हणजे अँटीबॉडी भलतीकडे चिकटल्याचा, समजा. आणि मायक्रोट्यूब्यूल मोडणारं ड्रग कोल्चिसिन वनस्पतीच्या ट्यूब्युलिनला फार कमी चिकटतं, मिलिमोलर लागतं, त्यापेक्षा ओरायझॅलिन घ्या, मायक्रोमोलरमध्ये काम होतं, फक्त डीएमएसओचा (ड्रग ज्यात विरघळवतात त्याचा, ड्रगशिवाय) कंट्रोल विसरू नका.

ड्रग खरंच लागू पडतंय का हे बघायचा स्वस्त उपाय आहे आणि मला तो फार आवडतो. खंडेराव मार्केटमधून कांदा आणा, आतली पातळ साल सोला, हिच्यात क्लोरोफिल नाही म्हणजे लाल ऑटोफ्लोरेसन्सची (आपोआप चमकण्याची) कटकटच नाही. साध्या मायक्रोस्कोपखाली बारीक कण सेलमधल्या दोऱ्यांवरून सरकताना दिसतात, थांबतात, परत निघतात, ही धाव अ‍ॅक्टिन आणि मायोसिनची. अ‍ॅक्टिन मोडणारं लॅट्रंक्युलिन बी दिलं की ती मंदावून थांबते, ओरायझॅलिनमध्ये चालू राहते. पण साल नुकतीच सोललेली असते तेव्हा धाव तशीही अडखळते, थोडा वेळ पाण्यात राहू द्या, आणि मे महिन्यात ड्रगची स्लाइड एसीच्या खोलीत अन् कंट्रोल बाहेर बाकावर असं अजिबात करू नका, धावेचा वेग तापमानाने बदलतो, तुम्ही ड्रगचा परिणाम म्हणून लिहाल तो उन्हाळ्याचा असेल.

वेस्टर्न ब्लॉटवाल्यांनो (जेलवर वेगळी केलेली प्रोटीन अँटीबॉडीने ओळखणाऱ्यांनो), सायटोस्केलेटनवरचं ड्रग दिलंय तर लोडिंग कंट्रोल (सगळ्या नमुन्यांत प्रोटीन सारखंच घातलंय याची खूण) म्हणून ट्यूब्युलिन किंवा अ‍ॅक्टिन घेऊ नका, टोटल प्रोटीन स्टेन करा.