मुलाखतीला जाण्याआधी आईच्या विड्यांची वही काढा

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढे. वडील यंत्रमागावर होते, आई अजूनही विड्या वळते. मी एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघते. आमच्याकडे अकाउंट्ससाठी मुलाखती असल्या की गेली सहा वर्षं मीही टेबलाच्या पलीकडे बसते. रविवारी दुपारी गल्लीतल्या पाच-सात पोरी तयारीला घरी येतात. त्यांना जे सांगते तेच इथं लिहितेय.

माझी पहिली मुलाखत पुण्यात झाली, 2009 साली. साहेबांनी विचारलं, वडील काय करतात? मी म्हटलं, टेक्स्टाइलचा बिझनेस आहे. त्यांनी अगदी सहज पुढं विचारलं की माग किती, सूत कुठून घेता, उधारी किती दिवसांची असते. मागाची मला खडान्खडा माहिती होती, पण मालकाची उत्तरं माझ्याकडे कुठून असणार? तिसऱ्या प्रश्नाला मी गप्प झाले. त्यानंतर मन असं घाबरलं की डेबिट नोट आणि क्रेडिट नोट यातला फरकसुद्धा धड सांगता आला नाही.

खरं सांगितलं असतं तर माझ्याकडे केवढं होतं! पाचवीपासून आईचा हिशेब मी ठेवत होते. कारखान्यातून पान किती आलं, तंबाखू किती, हजारामागं किती विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या, मजुरी किती धरली. आमच्या वहीतला आकडा आणि कारखान्याच्या पुस्तकातला आकडा जुळला नाही तर कुठल्या दिवशी फरक पडला ते मी शोधायची. बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आपल्या वहीतला आणि बँकेतला आकडा जुळवणं, मी कॉलेजात शिकले, पण ते काम त्याआधी सात-आठ वर्षं हाताखालून गेलेलं होतं. एवढं एक जरी त्या दिवशी बोलले असते तरी साहेब कान देऊन ऐकत राहिले असते, हे आज टेबलाच्या पलीकडे बसून मला नक्की कळतं.

म्हणून पहिलं काम हे. वही घ्या आणि स्वतःच्या हातानं केलेली पाच कामं लिहा. प्रत्येकात आकडा हवा. ‘मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे’ हे आम्हाला दिवसभरात प्रत्येक जण सांगतो, कागदावर लिहून घ्यावं असं त्यात काही सापडत नाही. गेल्या वर्षी एक मुलगी म्हणाली, ‘गड्ड्याच्या यात्रेत मामाचा खेळण्यांचा स्टॉल असतो, पंधरा दिवस गल्ला माझ्याकडे होता. चौथ्या दिवशी 340 रुपये कमी आले. मग मी दर दोन तासांनी रक्कम मोजून लिहायला लागले. पुन्हा फरक आला नाही.’ काय अडलं, तिनं काय केलं, शेवटी काय झालं, सगळं त्यात आलं आणि एक मिनिटही लागलं नाही. तिला आम्ही घेतलं. ‘स्वतःबद्दल सांगा’ असं विचारलं की असंच एक काम सांगायचं. नाव, गाव, शिक्षण बायोडेटात लिहिलेलंच असतं, ते दोन वाक्यांत आटपा.

हे पाठ करू नका, पण तोंडानं बोला. मनात म्हटलेलं उत्तर आणि ओठावर आलेलं उत्तर यात फार अंतर असतं. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. आमच्या भागात घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि मुलाखतीला इंग्रजी अशी तीन दारं ओलांडावी लागतात, तेव्हा आधी घरच्या भाषेत सांगून बघा. गोष्ट पक्की झाली की इंग्रजीत छोटी छोटी वाक्यं करा. मध्येच अडलं तर ‘हे मराठीत सांगू का?’ असं सरळ विचारा. मी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही. विचारणारी मुलगी मला गप्प बसणारीपेक्षा नेहमीच बरी वाटते.

विषयाची तयारी म्हणजे अख्खं पुस्तक नव्हे. अकाउंट्सला येणार असाल तर महिन्याचं कॅलेंडर डोक्यात हवं. दरमहा जीएसटी रिटर्न भरणाऱ्याचं जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचा तपशील, पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत आणि 3बी, म्हणजे कर भरायचं एकत्रित रिटर्न, साधारण 20 तारखेपर्यंत. मधे 14 तारखेला 2बी, म्हणजे आपल्या खरेदीवरच्या कराचा पोर्टलवरचा तक्ता, येतं, त्याच्याशी खरेदीची बिलं जुळवायची. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येतं म्हणता, मग चुकीच्या खात्यात पडलेली एंट्री कशी शोधाल, हे मी विचारतेच. कारखाना काय बनवतो तेही बघून या. टॉवेलवाल्याकडे येताना जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, एवढं माहीत असलं तरी समोरच्याचा चेहरा खुलतो. एखादी गोष्ट येत नसेल तर ‘येत नाही, पण यातलं इथपर्यंत मला माहीत आहे’ असं म्हणा. ठोकून दिलेलं उत्तर लगेच ओळखू येतं.

आता दिवसाचं. नळाला पाणी यायच्या दिवशीच मुलाखत असेल तर पाणी भरायचं काम आदल्या दिवशीच दुसऱ्या कुणावर सोपवा. भावालाही घागर उचलता येते. कपडे रात्रीच इस्त्री करा. चिंचोळी एमआयडीसीला जायचं असेल तर आधी एकदा जाऊन गेट बघून या. पुण्यात अकराची वेळ दिली असेल तर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसच्या भरवशावर राहू नका, आदल्या दिवशी जा. व्हिडिओवर मुलाखत असेल तर मागाचा खडखडाट नसलेली खोली शोधा, मैत्रिणीची चालेल. मूळ कागद दाखवा, झेरॉक्स द्या. मूळ कागद कुणाकडेही ठेवून येऊ नका.

आणि नोकरीसाठी डिपॉझिट, ट्रेनिंग फी, युनिफॉर्मचे पैसे आधी मागितले तर तिथूनच परत फिरा. आमच्या गल्लीतल्या एका आईनं अशा माणसाला गळ्यातलं गहाण ठेवून पैसे दिले. नोकरी नव्हतीच. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

पगाराचा प्रश्न आला की मान खाली घालून ‘तुम्ही द्याल ते’ म्हणू नका. पुण्याला जाणार असाल तर खोलीभाडं, मेस, बस आणि घरी पाठवायचे पैसे यांची बेरीज आदल्या रात्री करा आणि त्यावरून आकडा सांगा. ते जो आकडा बोलतील तो हातात पडणारा की पीएफ कापायच्या आधीचा, हे विचारा. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 12 टक्के पीएफला जातात, घरभाड्याचं गणित त्यावर बिघडतं.

बाहेर पडल्यावर लगेच घरी फोन करून रडू किंवा नाचू नका. पुण्याहून परतताना संध्याकाळी सहाची हुतात्मा पकडा, खिडकीजवळ बसा आणि दौंड यायच्या आत विचारलेले सगळे प्रश्न वहीत लिहून काढा, अडलेल्याखाली रेघ मारा. ती वही रविवारी माझ्याकडे घेऊन या. पुढच्या आठवड्यात जाणाऱ्या पोरीला ती लागणार आहे.